रस्सा थिजतो तेव्हा

रात्री उरलेल्या अळणी रश्श्याचं पातेलं सकाळी फ्रिजमधून काढलं, तर आत पाणी नाहीच. पातेलं हलवलं की सगळा ऐवज थरथरतो, वर चरबीचा पांढरा पापुद्रा. पाहुणा नाक मुरडतो, 'खराब झालंय का हो?' कोल्हापूरचा माणूस मात्र खूश होतो. मटण नीट शिजलं होतं याची ही पावतीच. (डिसेंबरात इथल्या गारठ्यात बाहेरही रस्सा थिजेल, पण मटण रात्रभर ओट्यावर ठेवू नये.)

थिजलं ते जिलेटिन. स्नायूंना गुंडाळणाऱ्या आणि हाडाला बांधणाऱ्या पडद्यांत, शिरांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, तीन पेडांच्या वेणीसारखं. जनावर ज्या अवयवावर राबतं तिथे ते जास्त: पाय, मान, खांदा. वय वाढेल तशा वेणीच्या गाठी घट्ट होतात. थंड देशांत बीफ स्ट्यूला बैलाच्या पायाचं किंवा खांद्याचं चिवट मांस घेतात, ते याचसाठी. आपल्याकडे हे काम बोकडाच्या नळ्या आणि पाया करतात. खाटकाकडे 'कोवळं द्या' म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी सुक्कं करावं. रश्श्याला थोडं निबरच बरं.

साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे कोलॅजन आकसतं. 70च्या पुढे पेड सुटायला लागतात आणि सुटलेल्या पेडांचंच जिलेटिन होतं, पण सावकाश, तासांच्या हिशेबाने. गंमत अशी, की स्नायूंचे तंतू याच टप्प्यात आवळले जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून अर्ध्या तासाने फोड दाबून पाहिली तर दगड! इथेच लोक घाबरून गॅस मोठा करतात. मोठ्या जाळाने पाणी आटतं, तापमान वाढत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तेव्हा पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर ते जाणार नाही. पातेल्यावर पाण्याचं ताट ठेवून मंद आच, हाच जुना उपाय. वाफ ताटाखाली गार होऊन परत आत पडते, आणि रस्सा आटलाच तर वरचं गरम पाणी हाताशी असतं.

घाई असेल तर कुकर. दाबाखाली पाणी 120 अंशांपर्यंत तापतं आणि तासांचं काम मिनिटांत होतं. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये असं भांडं केलं ते हाडं मऊ करायलाच. शिट्ट्या जास्त झाल्या तर मात्र मटणाचा दोरा दोरा सुटतो.

स्ट्यूवाले मांस आधी तव्यावर तांबूस भाजून घेतात. 140 अंशांच्या वर साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र येऊन तो खमंग वास तयार होतो. लुई मेयार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही क्रिया 1912 मध्ये मांडली. आपण मटण भाजत नाही, कांदा-खोबरं भाजतो. तांबड्या रश्श्याचा खमंगपणा त्या वाटणातून येतो. पांढऱ्यात तो जाणूनबुजून टाळलेला असतो, म्हणून तिथे सूप कच्चं राहिलं तर लपवायला जागा नाही. नारळाचं दूध शेवटी, आणि मग खळखळून उकळी नको. तेलाचे बारीक थेंब धरून ठेवणारी प्रथिनं उष्णतेने गोळा होतात आणि रस्सा फाटतो.

पायाचं सूप प्यायल्याने गुडघे भरून येतात, असं घरोघरी ऐकू येतं. पोटात गेल्यावर जिलेटिनचे तुकडे होतात, ते थेट गुडघ्याचा पत्ता शोधत जात नाहीत. शिवाय शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक त्यात नसतो, म्हणजे प्रथिन म्हणूनही ते अपुरंच. प्यावं ते चवीसाठी. जिलेटिन तोंडातल्या उबेनेच वितळतं, आणि ओठाला ओठ किंचित चिकटतो.

चरबीचं तसं नाही. बोकडाची चरबी वितळायला चाळिशीच्या पुढचं तापमान लागतं. थंडीच्या रात्री वाटी जरा निवली की ती टाळूला मेणासारखी बसते. म्हणून इथला जाणता खवय्या वाटी अर्धीच भरून घेतो, आणि पातेलं चुलीवर असेपर्यंत चार वेळा मागतो.