पशुजन्य पदार्थांतील औषध व रासायनिक अवशेषांचे संनियंत्रण

अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना दिलेली औषधे, तसेच चारा-पाण्यातून त्यांच्या शरीरात गेलेली कीटकनाशके, जड धातू व बुरशीविषे यांचे अंश दूध, मांस, अंडी, मध व मासळी यांत किती उरतात, याची नियमित नमुना-तपासणी.

कायद्याने उभारलेली यंत्रणा हा निकष धरल्यास अमेरिकेचा १९६७ चा राष्ट्रीय अवशेष कार्यक्रम सुरुवातीच्या प्रयत्नांत मोडतो. मात्र कासदाहावर सडातून पेनिसिलीन सोडण्याची पद्धत १९४० च्या दशकात रूढ होऊ लागल्यावर अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, चीज बिघडते, हे दूधप्रक्रिया करणाऱ्यांना जाणवले होते. त्यामुळे उगम दुग्धव्यवसायात मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या धंद्यातील एक परीक्षा आजही रूढ आहे. *जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस* या उष्णताप्रिय जीवाणूचे बीजाणू व जांभळा दर्शक असलेल्या जेलीवर थोडे दूध घालून कुपी ६४° से.च्या आसपास सुमारे तीन तास ठेवतात. दूध निर्दोष असल्यास जीवाणू वाढून आम्लामुळे जेली पिवळी होते; जांभळीच राहिली तर प्रतिजैविकाचा संशय घेतात.

मान्य औषधांसाठी कमाल अवशेष मर्यादा ठरवतात व ती पाळली जावी म्हणून शेवटच्या मात्रेनंतर दूध किंवा कत्तल वर्ज्य असण्याचा काळ नेमतात. खरे नियंत्रण या काळात गोठ्यातच होते. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे क्वचित अस्थिमज्जा निकामी होते आणि त्यासाठी सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. म्हणून त्याला मर्यादा नाही, बंदी आहे.

नायट्रोफ्युरान या प्रतिजैविक-गटाचे निदान विशेष अवघड. मूळ औषध शरीरातून काही तासांत नाहीसे होते; त्याचे चयापचयजन्य तुकडे मात्र प्रथिनांना जखडून कित्येक आठवडे राहतात व शिजवूनही जात नाहीत. सौम्य आम्लात नमुना रात्रभर ठेवून हे तुकडे सोडवतात, नायट्रोबेन्झाल्डिहाइडशी त्यांचा संयोग घडवतात आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. यांपैकी सेमिकार्बाझाइड हा याच गटातील नायट्रोफ्युराझोन या औषधाचा खुणेचा घटक समजला जाई. परंतु २००३ मध्ये तो बरण्यांच्या झाकणांतील फेसाळ गॅस्केटमधूनही अन्नात उतरत असल्याचे उघड झाले. काही कोळंब्यांच्या कवचात तो निसर्गतःच आढळतो. यास्तव कोळंबी सोलून केवळ मांस तपासणे आणि फक्त या घटकावरून उत्पादकाला दोषी न ठरवणे उचित होय.

नमुन्यांची संख्या संभाव्यतेवर बेततात: १ टक्का माल सदोष असल्यास ९५ टक्के खात्रीने निदान एक दोष सापडण्यासाठी २९९ नमुने लागतात. एकही दोष न आढळणे म्हणजे संपूर्ण शुद्धतेची हमी नव्हे. वाढीसाठी चोरून दिलेल्या क्लेनब्युटेरॉलसारख्या द्रव्यांचा शोध केस व डोळ्याच्या दृष्टिपटलातून घेता येतो, कारण तेथे ते दीर्घकाळ साठते.

शेळी, मेंढी, मधमाशी यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यास थोडे आहेत. शेळी-मेंढीच्या मर्यादा पुष्कळदा गायीवरून अनुमानाने ठरवतात.