आधी विचारणारा सल्लागार

"कॅल्शियमची गोळी हवी आहे," असं एखादीने ऑनलाइन दुकानात टाइप केलं, की पडद्याच्या कोपऱ्यातला आभासी सल्लागार, म्हणजे ग्राहकाशी बोलणारा प्रोग्राम, एक तर लगेच पाच डब्या समोर मांडतो, नाहीतर विचारतो, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" तिने 'थायरॉइडची गोळी' असं लिहिलं, तर दोन्हींत साधारण चार तासांचं अंतर ठेवा, हे त्याने सांगायलाच हवं. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, बांधून ठेवतं आणि ते औषध नीट शोषलं जात नाही. माझ्या मते सल्लागाराची खरी परीक्षा या एका प्रश्नात आहे.

आपण मात्र त्याला वेगळ्याच कसोट्यांवर स्वीकारतो. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये त्यातल्या दोन मांडल्या होत्या: तंत्रज्ञान उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. बूट घ्यायचे असतील तर एवढं पुरतं. तब्येतीचा विषय निघाला की माणूस बिचकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचं एक कारण पुढे आलं. 'माझं शरीर वेगळं आहे, यंत्र मला सगळ्यांसारखंच धरेल,' ही ती भीती. मला ती अजिबात खुळी वाटत नाही. काही न विचारता सुचवणारं यंत्र नेमकं तेच तर करत असतं!

याची दुसरी बाजूही आहे. मूळव्याध, लघवीचा त्रास, लैंगिक तक्रारी माणसासमोर बोलायला जीभ रेटत नाही. यंत्रापुढे संकोच कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा अगदी साधा संवादी प्रोग्राम जगापुढे मांडला. तो समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचा. तो तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलल्यावर वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. त्याला काही कळत नाही हे ठाऊक असूनही तिला आडोसा हवासा वाटला.

इतक्या सहज मिळणारा विश्वास विक्रेत्याच्या हाती पडतो, याची मला खरी काळजी वाटते. गोड आवाज आणि हसरा चेहरा देणं सोपं आहे. 'हे घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा,' असं म्हणणारा सल्लागार नेमायचा, तर दुकानाला विक्रीवर पाणी सोडावं लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी त्याला सरळ विचारावं: "यातलं काहीच घेतलं नाही तर चालेल का?"