जपान रेल पास आणि त्याच्या वसुलीचा हिशेब

जपान रेल पास म्हणजे जपानमधील जेआर (जपान रेल्वेज) समूहाच्या सहा प्रवासी रेल्वे कंपन्यांचा सामाईक पर्यटक पास. एकदा पैसे भरले की ठरलेल्या सलग दिवसांत जेआरच्या गाड्यांतून हवे तितके फिरता येते. मुदती तीन : ७, १४ आणि २१ दिवस. वर्ग दोन : साधा आणि ‘ग्रीन’, म्हणजे वरचा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे पैसे पडतात. पास मुख्यतः अल्पकालीन पर्यटक म्हणून देशात आलेल्या परदेशी नागरिकांसाठी आहे आणि पासपोर्टावर तसा शेरा असावा लागतो. १९८१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जपानची रेल्वे सरकारी होती. १९८७ मध्ये तिची वाटणी होऊन खासगीकरणाला सुरुवात झाली, पास मात्र वाटणीत फुटला नाही.

बरीच वर्षे हा पास घ्यावा की नाही, असा प्रश्नच कुणाला पडत नसे. सात दिवसांच्या साध्या पासाला २९,६५० येन पडत. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एका बाजूचे सुमारे १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. त्यात विमानतळाहून शहरात आणणाऱ्या नारिता एक्स्प्रेसचे तीनेक हजार मिळवले की पास वसूल, पुढचे सगळे फुकट. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हाच पास ५०,००० येनांचा झाला, १४ दिवसांचा ४७,२५० वरून ८०,००० आणि २१ दिवसांचा ६०,४५० वरून १,००,००० येनांवर गेला. पहिल्या दोन पासांची वाढ ६९ टक्क्यांच्या घरात जाते. जुन्या दरांवर बेतलेला ‘डोळे झाकून घ्या’ हा सल्ला मात्र अजून तोंडोतोंडी फिरतो, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच जातात.

नव्या दराने नेहमीच्या फेरीचा हिशेब मांडून पाहावा. टोकियोहून क्योतो १४,०००, क्योतोहून हिरोशिमा सुमारे ११,०००, हिरोशिमाहून थेट टोकियो सुमारे १९,०००. बेरीज ४४,००० येन. देशाचा एवढा मोठा पट्टा पालथा घालूनही सहा हजार कमीच पडतात. नारिता एक्स्प्रेसच्या दोन्ही फेऱ्या धरल्या तर पन्नास हजारांचा काठ कसाबसा गाठता येतो. पण मग उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंतचे सगळे त्या सात दिवसांत बसायला हवे. याच फेरीला टोकियो–सेंदाई जाऊन-येऊन जोडले, साधारण २२,००० येनांचे, तर पास निर्विवाद स्वस्त ठरतो. फक्त सात दिवसांत एवढे अंतर कापणाऱ्याच्या वाट्याला गावापेक्षा गाडीची खिडकीच जास्त येते.

दिवसाचा दर काढला तर लांब मुदतीचा पास मोहात पाडतो : ७ दिवसांचा रोज सुमारे ७,१४३ येन, १४ दिवसांचा ५,७१४, २१ दिवसांचा ४,७६२. हा भागाकार फसवा आहे. दोन आठवड्यांच्या सहलीत चार दिवस टोकियोत आणि चार क्योतोत मुक्काम असेल, तर ते आठ दिवस पास जवळपास खिशातच राहतो. टोकियोची भुयारी मेट्रो, क्योतोच्या सिटी बस, हाकोनेकडे जाणारी ओदाक्यू, कोयासानची नानकाई, ओसाकाभोवतीच्या हानक्यू आणि किन्तेत्सू या जेआरच्या नव्हेत, तिथे वेगळे पैसे मोजावे लागतात. टोकियोची यामानोते वर्तुळाकार लोकल किंवा विमानतळाची मोनोरेल पासावर चालते खरी, पण यामानोतेच्या जवळपासच्या फेरीचे तिकीट दोनशे येनांच्या आसपास. अशा पंधरा फेऱ्या मारल्या तरी तीन हजार होतात. लोकलच्या तिकिटांवर हा पास कधीच वसूल होत नाही. तो वसूल होतो शिंकान्सेनच्या लांब उड्यांवर, आणि त्या उड्या किती दाटीने मारल्या यावर. म्हणून मोजायचे ते सहलीचे दिवस नव्हेत. पहिल्या लांब प्रवासापासून शेवटच्या लांब प्रवासापर्यंतचा काळ मोजायचा. तो सात दिवसांत आणता आला, तर सहल पंधरा दिवसांची असूनही सातचा पास पुरतो आणि उरलेले दिवस सुईका किंवा इकोका या आधी पैसे भरून वापरायच्या कार्डांवर निघतात.

दिवस कॅलेंडरचा धरतात, चोवीस तासांचा नव्हे. संध्याकाळी सहाला पास सुरू करणाऱ्याचा पहिला दिवस मध्यरात्री संपतो.

पैशांच्या हिशेबात वेळेचा हिशेब सहसा धरला जात नाही. टोकियो–ओसाका मार्गावरची सर्वांत जलद ‘नोझोमी’ नुसत्या पासावर चालत नाही. २०२३ पर्यंत ती पासधारकांना पूर्ण बंद होती. आता ज्यादा पैसे भरून बसता येते : टोकियो–क्योतो ४,९६० येन, टोकियो–हिरोशिमा ६,५००. एवढे भरले तर वसुलीचे गणितच कोलमडते. न भरणाऱ्यासाठी ‘हिकारी’ आहे. क्योतोला ती नोझोमीपेक्षा साधारण अर्धा तास उशिरा पोहोचते, आणि तो काही मोठा तोटा नव्हे. खरा फरक गाड्यांच्या संख्येचा आहे. नोझोमी गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत सुटतात, हिकारी बहुधा दोनच. हिरोशिमाला जायचे तर हिकारीने निघून शिन-ओसाका किंवा शिन-कोबेला ‘साकुरा’ ही पुढची शिंकान्सेन पकडावी लागते.

पासाच्या बाजूनेही बोलायला हवे. जागा आरक्षित करायला वेगळे पैसे पडत नाहीत. पाऊस लागला म्हणून बेत फिरवला, गाडी चुकली, वाटेत एखाद्या गावी उतरावेसे वाटले, तरी खिशाला झळ नाही. मियाजिमा बेटावर नेणारी जेआरची फेरीबोटही पासात येते, बेटाचा १०० येनांचा अभ्यागत कर तेवढा भरावा लागतो. बेत न आखता भटकणाऱ्याला या मोकळेपणासाठी चार-पाच हजार जास्त गेले तरी चालण्यासारखे आहे. मात्र पास घेतलाय म्हणून उगाच लांबची गावे यादीत घुसवणे आणि त्यालाच वसुली म्हणणे, हा प्रकार सर्रास दिसतो. न केलेल्या प्रवासाचे तिकीट शून्य येनांचे असते, हे तेव्हा लक्षात राहत नाही.

अनेकदा उत्तर तिसरेच निघते. जेआरच्या कंपन्या आपापल्या भागापुरते स्वस्त पासही विकतात : तोहोकूसाठी, क्यूशूसाठी, कान्साई ते हिरोशिमा पट्ट्यासाठी. होकुरिकू आर्च पास टोकियोहून कानाझावामार्गे क्योतो-ओसाकाला नेतो. टोकियोत उतरून ओसाकाहून परतीचे विमान धरले, तर शिंकान्सेनचा एकच लांब प्रवास उरतो आणि पासाची गरजच संपते. हाताशी वेळ असेल तर सर्वत्र थांबत जाणाऱ्या ‘कोदामा’ शिंकान्सेनचे सवलतीचे तिकीट आगाऊ घेता येते.

काही नियम हिशेबाबाहेरचे, पण अंगाशी येणारे आहेत. परदेशात पासाऐवजी मिळालेले बदली-पत्र तीन महिन्यांच्या आत जपानमधल्या जेआर खिडकीवर पासपोर्ट दाखवून बदलून घ्यावे लागते, आणि पास हातात पडल्यावर सुरुवातीची तारीख बदलत नाही. पूर्वी पास घडीच्या जाड पुठ्ठ्याचा असे आणि कडेच्या फाटकावर कर्मचाऱ्याला उघडून दाखवावा लागे. २०२० पासून तो तिकिटाएवढा झाला असून स्वयंचलित फाटकाच्या फटीत घालता येतो. फाटक तो गिळते आणि पलीकडच्या तोंडाने बाहेर काढते. दोन्ही हातांत बॅगा असलेला माणूस तो तिथेच ठेवून पुढे निघून जाऊ शकतो. हरवलेला पास पुन्हा दिला जात नाही.