बर्नचं अल्पाइन म्युझियम बंद पडता पडता कसं वाचलं, त्याची मागची गोष्ट

2017 च्या उन्हाळ्यात बर्नच्या स्विस अल्पाइन म्युझियमला, म्हणजे डोंगर आणि गिर्यारोहणाच्या संग्रहालयाला, तिथल्या केंद्र सरकारच्या संस्कृती खात्याने कळवलं की पुढच्या वर्षापासून तुमचं अनुदान वर्षाला साधारण दहा लाख फ्रँकवरून अडीच लाखांवर येणार. पाऊण हिस्सा सरळ कापला. गंमत म्हणजे म्युझियम तेव्हा अजिबात ओस पडलेलं नव्हतं, उलट नव्या प्रदर्शनांमुळे चर्चेत होतं. मग चाललेल्या जागेवर अशी कुऱ्हाड का पडली? याचं उत्तर 2017 मध्ये सापडत नाही, त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

गिर्यारोहणाचे क्लब निघाले ते सगळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. लंडनचा अल्पाइन क्लब 1857 चा, स्विस आणि इटालियन दोन्ही 1863 चे. स्विस क्लबने पहिल्याच वर्षी ट्योडी शिखराच्या वाटेवर झोपडी बांधली, मग नकाशे, मग मार्गदर्शक पुस्तकं. आणि क्लब म्हटलं की सामान साठतंच, कुणाची बर्फ फोडायची कुऱ्हाड, कुणाचा दोर, कुणी मेल्यावर घरच्यांनी आणून दिलेले फोटोंचे खोके. इटलीवाल्यांनी 1874 मध्ये तुरीनच्या एका टेकडीवर आधी दुर्बीण लावून डोंगर दाखवायला सुरुवात केली, त्यातून पुढे तिथलं माउंटन म्युझियम उभं राहिलं. बर्नचं सुरू झालं 1905 मध्ये, शहरातल्या एका जुन्या सभागृहात, ज्या इमारतीत 1874 साली जागतिक पोस्ट संघटनेचा करार झाला होता तीच ती. (पुढे 1934 मध्ये म्युझियम हेल्व्हेत्सियाप्लात्स चौकातल्या नव्या इमारतीत गेलं तर तिथेही पोस्टाचं म्युझियम बरीच वर्षं शेजारी होतंच, पोस्टाने काही पाठ सोडली नाही.)

आत काय होतं? मुख्य म्हणजे रिलीफ. डोंगरांची मोजूनमापून केलेली मोठाली मॉडेल्स. सिमोन सिमोन नावाच्या इंजिनिअरने बर्नर ओबरलांड या बर्नकडच्या डोंगराळ मुलखाचं 1:10,000 स्केलचं रिलीफ केलं, ते इथलं मानाचं पान. आज मोबाईलवर कुठलाही डोंगर फिरवून बघता येतो म्हणून त्याचं अप्रूप वाटत नाही, पण विमानातून फोटो निघायच्या आधी अख्खी पर्वतरांग वरून बघायची सोय फक्त हीच होती. प्रॉब्लेम असा की ही मॉडेल्स अवाढव्य आणि अवजड, हलवायची म्हटलं तर तुटायची भीती, आणि एकदा मांडली की खोली कायमची अडली.

दुसरी वस्तू त्याहून भारी. फेर्डिनांड होडलर या स्विस चित्रकाराने 1894 च्या अँटवर्पच्या जागतिक प्रदर्शनासाठी दोन अजस्र चित्रं केली, एकात दोराला बांधून वर चढणारी माणसं आणि दुसऱ्यात तीच माणसं कड्यावरून कोसळतायत. प्रदर्शन संपलं आणि एवढ्या मोठ्या कापडाचं करायचं काय हे कुणालाच सुचेना, शेवटी ती चित्रं चक्क कापून तुकडे केले गेले. ते तुकडे आज या म्युझियमकडे आहेत. कुठे नुसता एक माणूस कड्याला चिकटलेला, कुठे खाली पडणारं शरीर, मधला डोंगर गायब. मला विचाराल तर अख्ख्या चित्रापेक्षा हे तुकडेच जास्त अंगावर येतात.

आता पैशाचं. 1933 मध्ये म्युझियम चालवायला एक फाउंडेशन झालं आणि क्लबबरोबर सरकारी मंडळीही त्यात आली. तेव्हा हे शहाणपणाचंच होतं, एकट्या क्लबच्या वर्गणीवर एवढा डोलारा झेपणारा नव्हता. पण यातून एक जुनं दुखणं लागलं: क्लबला वाटतं हे आता देशाचं म्युझियम, देश बघेल, आणि देशाला वाटतं हे तर डोंगरवाल्यांचं, क्लब बघेल. भागीदार भरपूर आणि ऐन वेळी वाली कोणी नाही.

बाकी ठिकाणीही फार वेगळं नाही. म्युनिकचं अल्पाइन म्युझियम 1911 चं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालं ते परत उघडायला 1996 उजाडलं. इंग्लंडमध्ये पेनरिथजवळ रेगेडला 2001 मध्ये मोठ्या थाटात राष्ट्रीय गिर्यारोहण प्रदर्शन उघडलं, ते काही वर्षांतच गुंडाळलं, आणि हा इतिहास जपू पाहणारी मंडळी नुसता संग्रह सांभाळत राहिली, कायमची मोठी जागा नाही. आपल्या दार्जिलिंगच्या एचएमआय म्हणजे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमधलं म्युझियम त्या मानाने सुखात आहे कारण संस्थेमागे संरक्षण मंत्रालय आणि पश्चिम बंगाल सरकार उभं आहे, शिवाय तेनझिंगचं नाव. त्या एचएमआयचा धागाही इथेच जातो बरं का, 1952 मध्ये स्विस मोहिमेबरोबर स्विस गिर्यारोहक रेमाँ लाम्बेर आणि तेनझिंग एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या वर पोचले होते, आणि 1954 मध्ये संस्था निघताना तेनझिंगला ट्रेनिंग द्यायचं काम आर्नोल्ड ग्लाटहार्ड या स्विस गाइडने केलं, बर्नर ओबरलांडमधल्या रोझेनलाउईला. म्हणजे सिमोनच्या रिलीफमधला तोच मुलूख.

परत बर्न. 2011 मध्ये बेआट हेख्लर डायरेक्टर झाले आणि त्यांनी कायमची मांडणी जवळजवळ मोडीतच काढली. काचेच्या कपाटात बूट आणि खाली पाटी, हे बंद. त्याऐवजी विषय घेऊन बदलती प्रदर्शनं: हिमालय, पर्यटन, डोंगरातली गावं, हवामान. जुने क्लबवाले नाराज झालेच असतील, आमच्या आजोबांची कुऱ्हाड कुठाय म्हणून. पण लोक यायला लागले.

इकडे सरकारी बाजूला 2012 पासून संस्कृतीसाठीचा नवा कायदा लागू झाला आणि त्यातून ठरलं की म्युझियमना अनुदान आता सवयीने मिळणार नाही, 2018 पासून अर्ज करा, निकषांवर तपासणी होईल, स्पर्धा. वर वर बघता एकदम रास्त. पण स्पर्धेत समोर कोण, तर देशातली बडी म्युझियम, आणि हे म्हणजे मध्यम आकाराचं, संग्रह विचित्र, अर्धं कलेचं अर्धं नकाशांचं अर्धं खेळाचं, कुठल्याच चौकटीत धड बसत नाही. निवड झाली, पण हातावर टेकवले अडीच लाख. एवढ्यात इमारत, माणसं आणि कोठार भागणं शक्यच नव्हतं, आणि हेख्लर यांच्या टीमने ते लपवलं नाही, सरळ सांगितलं की असंच राहिलं तर टाळं लागेल.

मग त्यांनी मोहीम काढली, नाव ठेवलं रेटुंग्सरिंग, म्हणजे बुडणाऱ्याला फेकतात ती रिंग. हजारो सह्या आल्या, डोंगराळ भागातले लोक आणि खासदार बोलायला लागले, विषय संसदेत गेला. आणि तोडगा निघाला तो मोठा मजेशीर: नियम बदलला नाही, म्युझियमचं लेबल बदललं. नुसतं म्युझियम म्हणून पैसे देता येत नाहीत ना, मग देशभरातल्या डोंगरविषयक संस्थांना जोडणारं नेटवर्क म्हणून द्या! आपल्याकडच्या कुठल्याही मुरलेल्या कारकुनाला हा मार्ग पटला असता. पण हे नुसतं कागदी नव्हतं, कारण हेख्लर यांच्या काळात म्युझियम खरंच बाहेरच्या संस्थांबरोबर काम करत होतं. काचेची कपाटं तशीच ठेवली असती तर नेटवर्क म्हणून दाखवायला होतं काय?

त्यानंतर त्यांनी आठवणींचं हरवलं-सापडलं ऑफिस सुरू केलं. संग्रहातल्या वस्तू मांडायच्या आणि लोकांनाच सांगायचं की तुमच्याकडचे फोटो आणा, किस्से आणा. आधी स्कीइंग घेतलं, मग डोंगरातल्या बायका. हा दुसरा विषय क्लबला जरा झोंबणाराच, कारण स्विस अल्पाइन क्लबने 1907 मध्ये बायकांना सरळ बाहेर ठेवलं होतं, त्यांनी 1918 मध्ये स्वतःचा वेगळा क्लब काढला आणि दोन्ही एक व्हायला 1980 उजाडलं. इतक्या वर्षांत क्लबच्या कपाटात जे साठलं ते अर्थातच पुरुषांचं. उरलेलं घराघरातल्या अल्बममध्ये पडलेलं, ते आता मागून घ्यावं लागतंय.

पैशाची काळजी मात्र मिटलेली नाही, तिथलं केंद्राचं सांस्कृतिक बजेट चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी ठरतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला या मंडळींना परत फाइल घेऊन उभं राहावं लागतं.