सैनिकाची सेवा पदके आणि युद्धकाळातील सेवानोंद : नागपूर परिसरातील कुटुंबांसाठी अर्जाची माहिती

पायदळात नोकरी केलेल्या वडिलांची किंवा आजोबांची पदके आता मिळतील का, असे विचारणाऱ्या बहुतेकांची पदकाचा अर्ज लिहिण्याची तयारी असते, पण सैनिकाचा सेवा क्रमांक मात्र त्यांच्याजवळ नसतो. लष्कराच्या कारभारात पदक नावावर मिळत नाही, सेवानोंदीवर मिळते. सैनिक कोणत्या काळात, कोणत्या पलटणीबरोबर आणि कोणत्या क्षेत्रात होता हे ज्या नोंदीत लिहिलेले असते, तीच त्याची पात्रता ठरवते. ती नोंद जिथे ठेवलेली असते, त्या कार्यालयापासूनच अर्जाचे काम सुरू होते. म्हणून येथे आधी नोंद शोधण्याचा मार्ग दिला असून पदकाचा अर्ज त्यानंतर घेतला आहे.

कोणत्या रेकॉर्ड ऑफिसकडे जावे

नागपूरकरांची पहिली गफलत इथेच होते. शहराला लागूनच कामठीची छावणी असल्यामुळे आणि तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर व रेकॉर्ड ऑफिस असल्यामुळे, फौजेचे काम म्हणजे कामठी, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिथे गार्ड्सच्या पलटणींत सेवा केलेल्यांच्याच नोंदी असतात. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, गंगासागरला लढलेली १४ गार्ड्स ही या रेजिमेंटची पलटण. तिच्यातील जवानाची नोंद कामठीला, मग तो जवान झारखंडचा असो की भंडाऱ्याचा. उलट, महार रेजिमेंटमध्ये भरती झालेल्या, जन्मभर नागपुरात राहिलेल्या सैनिकाची नोंद मध्य प्रदेशातील सागर येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतील सैनिकाची बेळगावला आणि ग्रेनेडियर्समधील सैनिकाची जबलपूरला शोधावी लागते. सैनिकाचे गाव कुठले याला येथे महत्त्व नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असला तरी तिथेही जुन्या नोंदी पाहायला मिळत नाहीत.

काही पलटणींचे रेजिमेंटच बदललेले आहे, हे घरच्यांना सहसा माहीत नसते. १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची उभारणी झाली तेव्हा पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटच्या जुन्या पलटणी तिच्यात आल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी तीच आजच्या बांगलादेशातील टांगाइलला हवाई छत्र्यांनी उतरली. अशा पलटणीतील सैनिकाबद्दल “आमचे बाबा मराठ्यात होते” एवढ्याच आधारावर बेळगावला लिहिले तर “नोंद आढळत नाही” असे उत्तर येऊ शकते. ते उत्तर खोटे नसते. दार चुकलेले असते.

क्रमांक आणि पलटण ठाऊक नसेल तर घरातील कागदांपासून सुरुवात करावी. डिस्चार्ज बुक सापडले तर निम्मे काम झाले, कारण त्यात क्रमांक, हुद्दा, भरतीची व सुटकेची तारीख आणि बहुधा मिळालेल्या पदकांची नावेही असतात. आजी किंवा आई कुटुंब निवृत्तिवेतन घेत असेल तर पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, पाहावी. तिच्यावर सेवा क्रमांक आणि रेकॉर्ड ऑफिसचे नाव असते. यांपैकी काहीच नसेल आणि एखादे पदक मात्र उरले असेल तर त्याची कड भिंगाखाली धरून वाचावी. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चकचकीत करण्याच्या हौसेने पदक घासून ही अक्षरे पुसली जातात, तेव्हा वाचून होईपर्यंत पदकाला चिंच-मीठ लावू नये.

घरी काहीच न सापडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, नागपूर येथे चौकशी करावी. माजी सैनिक म्हणून सैनिकाने तिथे नाव नोंदवले असेल, त्याच्या पत्नीने ओळखपत्र काढले असेल किंवा दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यासाठी अर्ज केला असेल, तर जुन्या नोंदवहीत क्रमांक मिळण्याची शक्यता असते. सैनिक मूळचा वर्धा, भंडारा किंवा चंद्रपूरचा असेल तर तेथील कार्यालयातही विचारावे. जिल्ह्यांची नावे मात्र जपून वाचावीत. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होते, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते आणि १९४० च्या दशकातील कागदांवर नागपूरपुढे महाराष्ट्र नसून ‘सी. पी.’, म्हणजे मध्य प्रांत, असे लिहिलेले असते. त्या काळात सैनिकाचे नाव पुष्कळदा आडनावाशिवाय, फक्त स्वतःचे आणि वडिलांचे असे, आणि इंग्रजीत कानाला येईल तसे नोंदवले जाई. आजच्या आधार कार्डावरील नावाशी ते जुळत नाही म्हणून नोंद दुसऱ्याची आहे असे समजू नये.

पात्रता : कोणत्या सेवेला कोणते पदक

शौर्य पदकांसाठी कुटुंबाने अर्ज करायचा नसतो. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू होतील अशा रीतीने सुरू झाली. ती पलटणीच्या शिफारशीवरून दिली जातात आणि राजपत्रात प्रसिद्ध होतात. युद्धानंतर पन्नास वर्षांनी वारसाने शौर्याचे वर्णन लिहून पाठवल्यास त्यावर कार्यवाही होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. सेवा पदकांचे तसे नाही. ठरलेल्या काळात ठरलेल्या क्षेत्रात, किंवा ठरलेली वर्षे, सेवा केलेल्या प्रत्येकाचा त्यांवर हक्क असतो, आणि ती न मिळाल्यास मागता येतात.

१९४७-४८ च्या काश्मीरमधील लढाईसाठी सामान्य सेवा पदक १९४७ आणि त्याच्या रिबनवर ‘जम्मू आणि काश्मीर’ अशी धातूची पट्टी दिली गेली. १९६२ साठी त्याच पदकावर ‘लडाख १९६२’ किंवा ‘नेफा १९६२’ (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश) अशी पट्टी येते. १९६५ च्या युद्धात रणक्षेत्रात असलेल्यांसाठी समर सेवा स्टार आणि त्या काळात फौजेत असलेल्यांसाठी रक्षा पदक आहे. १९७१ साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीला पश्चिमी स्टार आणि त्यांच्या जोडीला संग्राम पदक आहे, तर कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक आहे. यांखेरीज खडतर भागातील सेवेसाठी १९६० मध्ये सुरू झालेले सैन्य सेवा पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ, वीस व तीस वर्षांची दीर्घ सेवा पदके आहेत. म्हणजे १९६३ मध्ये भरती होऊन १५ वर्षांनी निवृत्त झालेल्या आणि दोन्ही युद्धांत पश्चिम आघाडीवर असलेल्या साध्या शिपायालाही सहा पदके सहज लागू होऊ शकतात. प्रत्यक्षात घरात दोनच सापडतात, कारण पदके तयार होऊन यायला वर्षे लागत आणि तोवर जवान सुटून गावी परतलेला असे.

दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश काळातील आहेत. सहा महिन्यांच्या रणक्षेत्रातील सेवेसाठी १९३९-४५ स्टार, त्यावर आघाडीनुसार आफ्रिका, इटली किंवा बर्मा स्टार, २८ दिवसांच्या सेवेवर वॉर मेडल आणि भारतातच तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल, अशी त्यांची रचना होती. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, त्यामुळे विदर्भातील अनेक घरांत याच काळातील आठवणी आहेत. ही पदके ब्रिटिश काळातील असल्याने त्यांच्या बाबतीत अर्जाचा भर पदक मागण्यापेक्षा सेवानोंदीच्या उताऱ्यावर ठेवणे शहाणपणाचे.

अर्ज, कागदपत्रे आणि पाठपुरावा

सैनिक हयात असेल तर अर्ज त्यानेच करावा. तो हयात नसेल तर पत्नीने, आणि पत्नीही नसेल तर मुलांपैकी एकाने, इतर भावंडांच्या लेखी संमतीने करावा. नातवंडांनी अर्ज केल्यास नात्याचा पुरावा दोन पिढ्यांचा लागतो, हे लक्षात ठेवावे. अर्जासोबत डिस्चार्ज बुकची किंवा पीपीओची प्रत, सैनिकाचा मृत्यू दाखला, अर्जदाराचे ओळखपत्र, नाते दाखवणारा कागद आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे. नात्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला बहुधा पुरतो, कारण त्यावर वडिलांचे नाव असते. वारसांत वाद असेल तर मात्र न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. नावांत फरक असल्यास तो लपवू नये. “नोंदीतील अमुक नाव आणि दाखल्यातील अमुक नाव एकाच व्यक्तीचे आहे” असे प्रतिज्ञापत्रातच लिहावे. मूळ कागद आणि हाती असलेली पदके टपालाने कोणालाही पाठवू नयेत.

अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिली, सैनिकाची सेवानोंद, पलटणी, युद्धक्षेत्रे आणि देय पदके यांचा उतारा मिळावा. दुसरी, त्यांपैकी न दिलेली पदके मिळावीत. “सर्व पदके मिळावीत” असे मोघम लिहिलेला अर्ज मोघम उत्तर घेऊन परत येतो. अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन पोच घ्यावी. शक्य असल्यास त्या कार्यालयाचे शिफारसपत्र जोडावे. पदक मिळून पुढे हरवले असेल तर पोलिसांकडे हरवल्याची तक्रार करून तिची प्रत लावावी आणि बदली पदक मागत असल्याचे स्पष्ट लिहावे. बाजारात मिळणारी प्रतिकृती भिंतीवर लावायला ठीक आहे. हक्काचा पुरावा म्हणून तिला काही किंमत नाही.

दोन-तीन महिन्यांत उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करता येतो. केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवर १० रुपये शुल्क भरून भारतीय सैन्याकडे अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची असून त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. सैनिकाची नोंद ही वैयक्तिक माहिती ठरते, म्हणून वारस असल्याचा पुरावा येथेही जोडावा.

सर्वांत निराश करणारे उत्तर म्हणजे कागदपत्रे नष्ट केली आहेत, हे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाची सेवा कागदपत्रे नियमानुसार २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सुटलेले बहुतेक जवान याच वर्गातले होते. परंतु रेकॉर्ड ऑफिसात ‘लाँग रोल’ नावाची कायम जपली जाणारी नोंदवही असते, जिच्यात क्रमांक, नाव, भरती आणि सुटका यांची थोडक्यात नोंद राहते. त्यामुळे असे उत्तर आल्यास “लाँग रोलमधील उतारा मिळावा” असा दुसरा अर्ज लगेच करावा. पहिल्या अर्जात तो न मागितल्यास बहुधा कोणी आपणहून देत नाही.

सैनिक महायुद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे. तिथे क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही दिलेले असते. इटलीतील कॅसिनो स्मारकावर नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, यांच्यासारख्या मराठा पलटणींतील जवानांची नावे आहेत, आणि तेथील नोंदीची छापील प्रत अर्जाला जोडता येते. पलटण त्या काळात कुठे होती हे पाहण्यासाठी युद्धदैनंदिनी, म्हणजे पलटणीच्या रोजच्या हालचालींची नोंदवही, उपयोगी पडते: महायुद्धातील भारतीय पलटणींच्या अनेक दैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तर स्वातंत्र्योत्तर युद्धांच्या बाबतीत संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरवलेल्या धोरणानुसार २५ वर्षांहून जुन्या नोंदी तपासून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायच्या आहेत. या दैनंदिनीत साध्या शिपायाचे नाव सापडणे दुर्मीळ. तिच्यावरून पलटणीची जागा आणि तारीख कळते. सैनिक त्या दिवशी पलटणीत होता हे मात्र सेवानोंदीच्या उताऱ्यावरूनच दाखवावे लागते.