कपाटातली टेप आणि दहा फायलींचं कोडं

फेब्रुवारी 2011 च्या अखेरीस काही जणांनी जीमेल उघडलं, तर इनबॉक्स रिकामा. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गायब! साठवणुकीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना त्यात एक चूक शिरली होती. गूगलच्या म्हणण्यानुसार फटका 0.02 टक्के वापरकर्त्यांनाच बसला. मेलच्या प्रती अनेक डेटा सेंटरांत होत्या, पण सॉफ्टवेअरच चुकलं की सगळ्याच प्रती त्याच्या तावडीत सापडतात. वाचली ती टेपवरची प्रत. ती कशालाच जोडलेली नव्हती, त्यामुळे चूक तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

टेप म्हणजे तीच, चुंबकीय कणांचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळलेल्यांना ती कधीच अडगळीत गेली असं वाटेल. पण 2021 साली आलेल्या एलटीओ-9 प्रकारच्या, तळहातावर मावणाऱ्या एका कार्ट्रिजमध्ये 18 टेराबाइट बसतात. आत 1035 मीटर लांबीची टेप असते, जाडी अवघी 5.2 मायक्रोमीटर. आयबीएम आणि फुजीफिल्म यांनी 2020 मध्ये स्ट्रॉन्शियम फेराइटचे कण वापरून प्रयोगशाळेत इतकी घनता गाठली, की त्या हिशेबाने एका कार्ट्रिजमध्ये 580 टेराबाइट मावावेत.

जागेची चिंता नाही, गोची आहे ती शोधण्याची. हवी ती फाइल टेपच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तिथवर टेप पळवण्यातच मिनिटभराहून जास्त वेळ जातो. त्यात लिहिण्याची तऱ्हा नागमोडी. एलटीओ-9 वर 8960 बारीक पट्टे असतात. ड्राइव्हचं, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्राचं, लिहिणारं-वाचणारं हेड एका वेळी 32 पट्टे लिहीत टोकापर्यंत जातं, किंचित सरकतं आणि उलट परततं. अशा 280 फेऱ्या होतात, बैलाने शेत नांगरावं तशा. त्यामुळे पहिल्या फेरीच्या सुरुवातीची फाइल आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटची फाइल अनुक्रमाने लांब, पण टेपवर अगदी शेजारी-शेजारी!

आता एका टेपवरच्या दहा फायली हव्या आहेत. कोणती आधी वाचायची? अनुक्रमाने गेलं तर टेप उगाचच या टोकाची त्या टोकाला धावते. क्रम लावण्याच्या तऱ्हा 36,28,800. फिरत्या विक्रेत्याने कमीत कमी चालून सगळी गावं कशी करावीत, या गणितातल्या जुन्या कोड्याचीच ही बहीण, फक्त इथे जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखं नसतं. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या ब्रूस हिलियर आणि अब्राहम सिल्बरशॅट्झ यांनी 1996 मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. सर्वोत्तम क्रमाचा हट्ट न धरता, पुरेसा चांगला क्रम झटपट कसा काढायचा, हे त्यांनी पाहिलं. मला त्यांच्या कामात जास्त आवडतो तो त्याआधीचा खटाटोप: एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्याचा. फेऱ्यांची वळणं प्रत्येक टेपवर थोडी मागेपुढे असतात, म्हणून प्रत्येक टेपचा वेगळा नकाशा लागतो.

आज एलटीओ-9 चा ड्राइव्ह हे काम स्वतःच करतो. हव्या असलेल्या फायलींची यादी त्याला दिली, की तो सोयीचा क्रम लावून परत देतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत कणांच्या टकरींचा प्रचंड डेटा टेपवर ठेवला जातो. तिथे एका मागणीत हजारो फायली असू शकतात आणि त्या शोधताना यंत्रमानवी हात कार्ट्रिज उचलून ड्राइव्हमध्ये सरकवतो, तो वेळ वेगळाच.