दृक्संवेदन आणि ग्राफिक-वेब डिझाइन

डोळ्यांत शिरलेल्या प्रकाशाचा मेंदूने लावलेला अर्थ म्हणजे दृक्संवेदन. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो की मोबाईलवरचे वेबपान, त्यातले अक्षर वाचले जाण्याआधीच नजरेने बरेच काही उरकलेले असते. तिने गट पाडलेले असतात, पुढचे-मागचे ठरवलेले असते, उजळ-गडद तोललेले असते. स्पष्ट दिसणारा भाग मुळात लहान, सुमारे २ अंशांचा; हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. बाकीच्या धूसर पसाऱ्यात पुढे कुठे पाहायचे हे मांडणीच सुचवते. या नोंदीतली उदाहरणे बहुतेक सोलापूरची आहेत, कारण त्या गावात ही तत्त्वे चादरीवर उघडी दिसतात.

आकृती आणि पार्श्वभूमी : जकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागावरची सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला मरून जमिनीवर पांढरी फुले असली, तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून फुले. वीण तीच, फुले तीच. तरी घडी उलटून पाहिली की पांढरी फुले अंमळ टपोरी वाटतात आणि मरून फुले बारीक. गडदावरचा उजळ आकार डोळ्याला मोठा भासतो, हे त्याचे कारण. डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचे प्रसिद्ध चित्र मांडले, त्याचा मुद्दा असा होता : एका वेळी एकच बाजू ‘आकृती’ होते, दुसरी मागे सरते. चादरीच्या काठावर दोन्ही रंगांना सारखी जागा दिलेली असेल तर नजर कधी हा रंग पुढे आणते, कधी तो. वेबपानावर चौकट उघडताच मागचे पान मंद होते, तो याच तत्त्वाचा वापर. डार्क मोड म्हणजे चादर उलटी पांघरणे, असे म्हणायचा मोह होतो. पण नुसते रंग उलटले तर पांढरी अक्षरे फुगल्यासारखी दिसतात. म्हणून जाणते डिझाइनर तिथे अक्षर किंचित बारीक घेतात किंवा शुभ्राऐवजी करडट पांढरा वापरतात.

रंग आणि उजळपणा : पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात मिशेल युजीन शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशी तिथे तक्रार होती. शेवरल यांनी तपासले तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. लाल धाग्यांत बसवलेला करडा धागा हिरवट वाटतो, तोच निळ्यात बसवला तर वेगळा. ‘दुकानात रंग वेगळा दिसत होता’ ही गिऱ्हाइकाची कुरकुर दर वेळी खोटी नसते.

वेबसाठीच्या सुगम्यता निकषांनुसार (अधू नजरेच्या माणसालाही पान वापरता यावे म्हणून ठरवलेल्या) नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर काळे २१ : १ भरते. पांढऱ्यावर शुद्ध लाल सुमारे ४ : १, म्हणजे थोडक्यात नापास, पांढऱ्यावर पिवळे जेमतेम १.०७ : १. सगळ्यात फसवे म्हणजे गडद हिरव्यावर लाल. रंग कितीही भिन्न वाटले तरी गुणोत्तर १.३ : १ च्या आसपास. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात, रिक्षात बसून असे पान वाचायला घ्यावे, म्हणजे हा आकडा काय सांगतो ते कळते. लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्यांसाठी चुकीची सूचना नुसती लाल करून भागत नाही, शब्द किंवा चिन्ह लागतेच.

गट पाडण्याचे नियम : मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये दाखवले की, आळीपाळीने उजळणाऱ्या दोन स्थिर रेषांमध्ये डोळ्याला हालचाल दिसते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा ही जत्रा भरते, तिथल्या पाळण्यांवरची ‘पळती’ लाईट हेच करते : एकही दिवा जागचा हलत नाही. पुढे व्यूह (गेस्टाल्ट) मानसशास्त्र म्हणून ओळखल्या गेलेल्या विचाराची ही सुरुवात. १९२३ च्या लेखात वेर्थायमर यांनी ठिपक्यांच्या साहाय्याने सान्निध्य, सादृश्य, सातत्य, पूर्ती हे नियम मांडले. जवळचे ते एकत्र, सारखे ते एका जातीचे, सलग जाणारे ते एक, अर्धवट आकार नजर पुरा करते. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘गाव’ हा शब्द वरच्या आणि खालच्या रकान्याच्या बरोबर मध्ये पडला की माणूस गाव चुकीच्या रकान्यात भरतो. दोष त्याचा नसतो.

वाढदिवसाच्या फ्लेक्सची थट्टा करणे सोपे आहे, पण श्रेणी दाखवण्याचे काम तो चोख करतो. वर सारख्या गोलांत वरिष्ठ नेते, मध्ये हात जोडलेली मोठी छबी, तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून बारीक चेहऱ्यांची रांग. एकही नाव न वाचता कोण कोणाचे ते समजते. ‘माझा फोटो जरा मोठा घ्या’ म्हणणारे पाच-सहा जण डीटीपीवाल्याकडे येऊन गेले की मग सगळेच मोठे होतात, म्हणजे कोणीच मोठे राहत नाही.

लिपी : सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही नांदतात. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरीत नाव हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत. कायदा आकार मोजतो. डोळा मात्र जाडी, रंग आणि भोवतालची मोकळी जागाही मोजतो. देवनागरी वरच्या रेषेला लटकते, तर तेलुगू-कन्नडची गोल अक्षरे सुटी बसतात आणि त्यांची जोडाक्षरे खाली उतरतात. सॉफ्टवेअरमध्ये तिन्हींना एकच आकडा दिला तरी त्या सारख्या मोठ्या दिसत नाहीत. शेवटी नजरेनेच जुळवावे लागते.

शिरोरेषा हे सातत्याच्या नियमाचे घरचे उदाहरण. तिच्यामुळे अख्खा शब्द एक वस्तू म्हणून दिसतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय रोमन कॅपिटलांना शोभते. देवनागरीवर लावली की रेषा तुटते आणि ‘सोलापूर’चे ‘सो ला पू र’ होते. इंग्रजी वेबपानाचा साचा मराठीला जसाच्या तसा चढवला की हा घोटाळा हटकून दिसतो. जोडीला वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात. अशा वेळी अक्षरांमधले अंतर शून्यावर आणून ओळींमधली मोकळीक वाढवतात.